कात्रपमधून दिसणारी चंदेरी

आमच्या बदलापुरात दिशांचा एक कायमचा गोंधळ आहे, तो आधी सांगून टाकतो. कात्रप हा भाग रेल्वेच्या हिशेबाने बदलापूर पूर्वेला. पण होकायंत्र हातात धरून पाहिलेत तर तो रुळांच्या नैर्ऋत्येला भरतो. आणि ज्याला सगळे 'वेस्ट' म्हणतात, जिथून बारवी धरणाचा रस्ता जातो, उल्हास नदी जाते, ती बाजू खरे म्हणजे ईशान्येची. मुंबईहून निघालेले रूळ कल्याणनंतर आग्नेयेकडे वळतात, पण पूर्व-पश्चिम या पाट्या मात्र बोरीबंदरापासून तशाच पुढे ओढत आणलेल्या. त्यामुळे आमच्याकडे सूर्य पश्चिमेला उगवतो. नवीन बिऱ्हाड करणारा माणूस 'पूर्वेला आहे, सकाळचे ऊन येईल' म्हणून कात्रपमध्ये घर घेतो आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याच्या लक्षात येते, की आपल्या गॅलरीत येते ते संध्याकाळचे ऊन.

पण त्या संध्याकाळच्या उन्हाबरोबर एक गोष्ट फुकट मिळते. सूर्य ज्यांच्या मागे जातो ते डोंगर. तोंड नैर्ऋत्येला करून उभे राहिले, की अगदी उजव्या हाताला मलंगगडाचे उभे कातळ, मग तावली, मग नवरा-नवरीचे सुळके, म्हैसमाळ, आणि त्याच्या शेजारी खिंड सोडून एकदम वर उठलेली चंदेरी. त्यापलीकडे नाखिंड आणि पार डावीकडे माथेरानचा पसरट माथा. लोकलच्या दारात उभा राहणारा कुणीही कर्जतवाला ही ओळ पाठ म्हणून दाखवील. नावे नाही आली तरी आकार त्याला पाठ असतात. चंदेरीचा आकार एकदा पाहिला की विसरत नाही. पायथ्याला रुंद, मध्ये अंगभर रान, आणि वर डोक्यावर ठेवल्यासारखा उघडा कातळ.

चंदेरी म्हटल्यावर तुमच्यापैकी निम्म्या लोकांना साडी आठवली असेल. ती चंदेरी मध्य प्रदेशातली, तिथेही किल्ला आहेच, आणि मोठा आहे. आमची चंदेरी त्यामानाने गरीब. उंची सव्वादोन-अडीच हजार फूट. दरवाजा नाही, बुरूज नाही, तोफ नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर, विजयदुर्ग अशी ती नावे, आणि बारावा थेट तामिळनाडूतला जिंजी. आनंदाचीच गोष्ट. आमच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. पण त्या दिवशी मला उगाच वाटून गेले, की महाराष्ट्रात असे शेकडो किल्ले आहेत ज्यांना यादी नाही, तिकीट नाही, पायऱ्या नाहीत. त्यांच्याकडे कोण जाते, कसे जाते आणि परत कसे येते, हे सांगावे. म्हणून आजचा विषय हा.

किल्ला म्हणून चंदेरीवर आहे काय, ते आधी सांगतो. वरच्या कातळाच्या पोटात एक गुहा आहे, आठ-दहा माणसे पाय मुडपून झोपतील एवढी. जवळ खडकात खोदलेले पाण्याचे टाके. वाटेत तटबंदीचे चार दगड एकावर एक राहिलेले. आणि सगळ्यात वर, सुळक्याच्या माथ्यावर, अलीकडच्या काळात गिरिप्रेमींनी नेऊन बसवलेला शिवाजी महाराजांचा पुतळा. संपली यादी. मोठी फौज इथे कधी राहिली असेल असे जागा पाहून वाटत नाही. ही टेहळणीची जागा. कल्याण हे जुने बंदर. तिथून घाटावर जाणारा माल याच पट्ट्यातून जायचा. महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली, त्यानंतर हा सगळा मुलूख स्वराज्यात आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यात आमच्या आसपासचे माहुली आहे, कर्नाळा आहे, प्रबळगड आहे. चंदेरीचे नाव नाही. यादीत घालण्याएवढी ती मोठी नव्हती, एवढाच मी त्याचा अर्थ लावतो. शेजारच्या मलंगगडावर १७८० साली इंग्रजांचा कॅप्टन ॲबिंग्टन चालून गेला होता, खालचा भाग त्याने घेतला, पण वरचा बालेकिल्ला काही त्याला सुटेना. त्या झटापटीच्या वेळी चंदेरीवर चार माणसे बसून तो धूर पाहत असतील का, असा प्रश्न मला पडतो. कागदोपत्री काही नाही, पण जागा अशी आहे की तिथे बसलेल्या माणसाला दिसल्याशिवाय राहणार नाही.

बदलापूर या नावाचीही अशीच एक गोष्ट सांगतात, की इथे घोडे बदलत असत म्हणून बदलापूर. खरे-खोटे देव जाणे. आमच्या गावाचे भाग्य असे, की ना. गो. चापेकरांसारख्या माणसाने १९३३ साली 'आमचा गाव बदलापूर' नावाचे एक अख्खे पुस्तक लिहून ठेवले. मराठीत एका गावाचा असा अभ्यास तोवर कुणी केलेला नव्हता. पुढच्याच वर्षी बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. चापेकरांचे गाव आता शोधून सापडणार नाही. २००१ च्या जनगणनेत एक लाखाच्या आत असलेली आमची वस्ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि त्यानंतर किती वाढली ते सकाळच्या लोकलमध्ये चढून पाहावे. चंदेरी मात्र होती तिथे आहे. एवढेच, की आमच्या गच्चीवरून आता ती अर्धीच दिसते. उरलेल्या अर्ध्यात वीस मजल्यांची एक इमारत उभी आहे.

मी चंदेरीवर पहिल्यांदा गेलो ते १९९४ साली, ऑक्टोबरात. आम्ही ऑफिसातले पाच जण. वय असे की डोंगर दिसला म्हणजे चढायचाच. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम पिशवी, आणि पाचांत मिळून तीन बाटल्या पाणी. दोर कुणाकडे नव्हता, आणि तो लागतो हेही कुणाला माहीत नव्हते. चिंचवली गावातून ओढ्याच्या कडेने वर चढलो, दगडधोंड्यांच्या नाळेतून खिंड गाठली, तिथे फोटो काढले. खिंडीतून गुहेकडे जाताना डोंगराच्या कुशीतून आडवे जावे लागते. पावसाळा नुकताच संपलेला, गवत छातीएवढे, आणि गवताखाली काय आहे ते दिसत नाही. आमच्यातल्या एकाचा पाय घसाऱ्यावर पडला. घसारा म्हणजे सुटी माती आणि बारीक खडी, त्यावर पाय ठेवला की पायाखालची जमीनच चालू लागते. तो पंधरा-वीस फूट घसरत गेला आणि एका कारवीच्या जाळीत अडकला. जाळी नसती तर आज हे भाषण मी केले नसते. मांडीचे हाड मोडले होते. पायाचा पंजा उलट्या दिशेला पाहत होता, ते दृश्य मला अजून आठवते.

मोबाईल नव्हते. दोघे जण धावत खाली गेले. दुपारी तीनची गोष्ट. संध्याकाळी सहाच्या सुमाराला खालून माणसे वर आली. ठाकरवाडीतली, काही चिंचवलीतली. दहा-बारा जण, बरोबर बांबू, दोन घोंगड्या, कासऱ्याचा दोर आणि कंदील. त्यांनी एक शब्द न विचारता घोंगडीची झोळी बांधली, पायाला दोन बाजूंनी काठ्या लावून धोतराच्या पट्टीने आवळल्या, आणि त्या नाळेतून, जिथे आम्हाला रिकाम्या हाताने उतरताना बूड टेकावे लागत होते, तिथून चार-चार जण खांदा बदलत त्याला खाली घेऊन निघाले. रस्त्याला लागलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. पुढच्या रविवारी आम्ही बर्फीचे खोके आणि जमवलेले पैसे घेऊन वाडीवर गेलो. बर्फी मुलांना वाटली गेली. पैसे घ्यायला कुणी पुढे झाले नाही. एका म्हातारीने एवढेच विचारले, "पाय जुळला का रं त्याचा?"

जुळला. दीड इंच आखूड जुळला. त्यानंतर तीस वर्षे मी चंदेरीला गेलो नाही. राजगड केला, हरिश्चंद्रगड केला, रतनगड दोनदा केला. घरासमोरचा डोंगर तेवढा राहिला. कुणी विचारले तर सांगायचो, "करून झालाय." हे निम्मे खोटे होते, कारण आम्ही गुहेपर्यंतही पोचलो नव्हतो.

परत जायला निमित्त झाली ती शेजारची मुलगी. अकरावीत होती. गच्चीवर पापड वाळत घातले होते त्यांची राखण करत पुस्तक वाचत बसलेली. मला म्हणाली, "काका, तो टोकदार डोंगर आहे ना, इमारतीच्या मागे लपलाय तो, त्यावर किल्ला आहे म्हणतात. तुम्ही एवढे किल्ले फिरता, एकदा घेऊन चला ना." तिच्या आईने मागून हाक मारली, "काकांना त्रास देऊ नकोस." मी काहीतरी पुटपुटलो. पण रात्री झोप आली नाही. वयाच्या साठाव्या वर्षी समोरच्या डोंगराला घाबरून आपण दुसरीकडे बघत राहतो, ही गोष्ट त्या पोरीने नकळत उघड्यावर आणली होती.

डिसेंबर २०२४ मध्ये निघालो. मी, ती मुलगी, माझा भाचा आणि भाच्याचा ऑफिसातला एक मित्र. या वेळी तयारी नीट केली. माणशी चार लिटर पाणी. हे फार वाटते, पण कोकणपट्टीतली हवा दमट, डिसेंबरातही घाम धारांनी जातो आणि चंदेरीच्या टाक्यातल्या पाण्यावर हिवाळ्यानंतर भरवसा ठेवू नये. शंभर फुटी दोर. प्रत्येकाला शिट्टी. पोळीची गुंडाळी, काकड्या, खजूर, मीठ-साखर. अत्तर, सेंट, डिओ काहीही लावायचे नाही असे मी बजावून सांगितले, कारण कड्यांवर आग्या माशांची पोळी असतात आणि त्यांना वास व आवाज दोन्ही खपत नाही. भाच्याचा मित्र तरी लावून आलाच. त्याला स्टेशनजवळ टपरीवर तोंड-मान धुवायला लावली.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे वाडीतला एक माणूस बरोबर घेतला. पन्नाशीचा, काटक, पायात साध्या स्लिपर. दिवसाचे काय घेणार ते आदल्या दिवशीच बोलून ठेवले होते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे वाट विचारायची, लांबवर सोबत घेऊन जायचे आणि शेवटी पन्नासची नोट पुढे करायची, ही फार वाईट खोड आहे. ज्याला रानाची वाट माहीत आहे तो कुशल कारागीर आहे. प्लंबरला आपण देतो की नाही?

सकाळी साडेसहाला गावातून निघालो. भाताची कापणी झालेली, खाचरांतून नुसते बुडखे, त्यांवर दव. शेते संपून रान लागले की ओढ्याचे कोरडे पात्र सुरू होते. पावसाळ्यात इथे धबधबा असतो आणि त्याच्याखाली नाचणारी गर्दी असते. पलीकडे कोंडेश्वरला दर पावसाळ्यात काय होते ते तुम्ही बातम्यांत वाचताच. डोहात मुले बुडतात, मग बंदीचे आदेश निघतात, मग पोलीस उभे राहतात, आणि तरी कुणीतरी मागच्या वाटेने जातो. आम्ही गेलो तेव्हा पात्रात फक्त मोठमोठे धोंडे. दोन तास त्या धोंड्यांवरून हातापायांनी चढलो तेव्हा खिंड आली.

खिंडीत पलीकडचा वारा एकदम अंगावर येतो. समोर पनवेलची बाजू. खाली गाढेश्वरचे पाणी चकचकते, पलीकडे नवी मुंबईचे मनोरे धुरकट दिसतात. मागे वळले की आपले बदलापूर. मुलीने विचारले, "इथून रस्त्यावर लक्ष ठेवायचे म्हणजे कोणत्या?" मी तिला कल्याणकडून घाटाकडे जाणारा जुना मार्ग बोटाने दाखवला. १८५६ साली साधारण त्याच पट्ट्यातून रेल्वे गेली. आणि आता गंमत अशी, की मुंबई-बडोदे महामार्गाच्या फाट्यासाठी याच डोंगररांगेच्या पोटातून बदलापूरकडून पनवेलकडे चार किलोमीटरहून लांब जुळे बोगदे खणले गेले आहेत. ज्या डोंगरावर बसून वाटेवर नजर ठेवायची, वाट त्याच्या पोटातूनच गेली. आमच्या वाटाड्याला मी हे सांगितले. तो म्हणाला, "सुरुंग लागायचं तव्हा आमच्या भिताडावरची भांडी वाजायची." त्याला बोगद्याची माहिती माझ्यापेक्षा जास्त होती.

मग ती आडवी वाट लागली. डिसेंबर असल्यामुळे गवत वाळून पिवळे पडलेले. वाळलेले गवत ओल्या गवताइतकेच वाईट, आडवे पडले की त्यावरून पाय तेलावरून जावा तसा जातो. वाटाड्या पुढे जाऊन कोयत्याने गवत बाजूला करत होता. मी ती जागा शोधत होतो. तीस वर्षांत कारवी दोन-चारदा फुलून मरून परत उगवली असेल, जागा कशी सापडणार? एका वळणावर मी थांबलो आणि त्याला म्हणालो, "दादा, चौऱ्याण्णव साली इथे आमचा एक माणूस पडला होता. तुमच्या वाडीने रात्री झोळीतून खाली नेला. तुमच्या कुणाच्या लक्षात असेल का?"

मला वाटले होते, तो म्हणेल, हो, माझ्या वडिलांनी सांगितले होते. तो थोडा विचार करून म्हणाला, "अशी लई उतरवली काका. कोनचा म्हनता?"

मी गप्प झालो. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी रात्र त्यांच्या वाडीच्या आठवणीत अनेकांतली एक होती. नंतर चालता चालता त्याने आपण होऊनच सांगितले. कधी पाय मोडलेला, कधी उन्हाने भोवळ आलेला, कधी वाट चुकलेले पोरांचे टोळके रात्रभर ओरडत राहिलेले. आणि काही वेळा जिवंत नसलेलेही. फोन आल्यापासून आधी पोलिसांना कळते, मग गिर्यारोहकांची बचाव पथके येतात, त्यांच्याकडे दोर असतात, स्ट्रेचर असते. पण पथक येईपर्यंत माणसापाशी बसून राहायला वाडीतलेच कुणीतरी लागते.

इथे मला इर्शाळवाडी आठवल्याशिवाय राहिली नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची ती ठाकरांची वाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले, आणि शोध थांबवला तेव्हा सत्तावन्न जणांचा पत्ता नव्हता. इर्शाळगडाला जाणाऱ्या प्रत्येकाने त्या वाडीत पाणी प्यायले होते, बरेच जण तिथे जेवले होते. त्या दिवशी ट्रेकिंग करणारी कितीतरी मुले मिळेल त्या गाडीने चौकच्या बाजूला धावली आणि पावसात चिखल उपसायला उभी राहिली. ते मला फार योग्य वाटले. आपण गडाचा इतिहास सांगताना तीनशे-साडेतीनशे वर्षे मागे जातो, पण गडाखाली आज कोण राहतो ते पाहत नाही.

गुहेत साडेदहाला पोचलो. मी प्रथमच पोचलो होतो, तीस वर्षे 'करून झालाय' म्हणणारा मी. गुहेत गारवा, जमिनीवर राख, आणि भिंतीवर बदामाच्या आकारात कुणाकुणाची नावे. नावे लिहिणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, रेडिओवर बोलण्यासारखे शब्द माझ्याकडे नाहीत. मुलीने रिकाम्या पिशवीत तिथल्या प्लास्टिकच्या बाटल्या भरल्या. सतरा निघाल्या. टाक्यात पाणी होते, हिरवट. वाटाड्या ते प्यायला, आम्ही नाही.

गुहेपासून माथा म्हटला तर हाकेच्या अंतरावर. पण तो शेवटचा टप्पा म्हणजेच चंदेरी. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला काही नाही. अरुंद धार, मध्ये चढ असा की हात टेकायचे ते सुट्या दगडांवर. वाटाड्या स्लिपर हातात घेऊन वर गेला आणि दोर बांधून आला. भाचा निम्म्यापर्यंत सहज गेला. मुलगी त्याच्या मागे, तोल चांगला होता तिचा. तिसरा होता भाच्याचा मित्र. चार पावले गेला आणि थांबला. त्याचे पाय थरथरू लागले, शिवणयंत्र चालावे तसे. तोंडाने म्हणत होता, "मी ठीक आहे, मी ठीक आहे." पण हात दगडावरून सुटत नव्हता.

भाचा वरून म्हणाला, "मामा, त्याला खाली बसू दे, आम्ही दोघे पाच मिनिटांत जाऊन येतो." मुलगी म्हणाली, "काका, प्लीज." माथा अगदी समोर दिसत होता. मी वाटाड्याकडे पाहिले. तो काही बोलला नाही. एका दगडावर बसला, खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि मळू लागला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "दोघं वर, दोघं खाली, आन दोर एकच. बघा तुमी."

मी सगळ्यांना उतरायला सांगितले.

भाच्याच्या मित्राला उतरवायला वीस मिनिटे लागली. एक पाय, मग दुसरा पाय, वाटाड्या त्याचा घोटा हाताने धरून खोबणीत ठेवत होता. मुलगी खिंडीपर्यंत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. तिचे डोळे भरले होते आणि ते मला दिसू नयेत म्हणून ती सगळ्यात पुढे चालत होती. भाचा म्हणाला, "मामा, एवढे काही कठीण नव्हते." त्याचे खरे होते. त्या दोघांना जमले असते असे मला अजूनही वाटते. आणि श्रोते हो, एक गोष्ट कबूल करतो. त्या मुलाचे पाय थरथरले म्हणून आपण परत फिरलो, असे मी सगळ्यांना सांगितले. पण तो टप्पा पाहिल्यापासून माझ्याही पोटात गोळा आला होता. त्याचे पाय थरथरले नसते तर मी काय केले असते, मला सांगता येत नाही. परत फिरण्याचा निर्णय बरोबर होता, पण तो मी पूर्णपणे शहाणपणाने घेतला असे नाही.

नाळेतून उतरताना साडेबाराच्या सुमाराला खालून एक मोठे टोळके वर येताना भेटले. चौदा जण. मी मोजले, ती सवय लागलेली आहे. कॉलेजची मुले-मुली, हातात अर्ध्या लिटरच्या बाटल्या, एकाच्या पाठीवर गाणी लावायचा डबा. दोर नाही, वाटाड्या नाही. "काका, टॉप किती लांब?" मी म्हणालो, "या वेळी नका जाऊ, खिंडीतून परत फिरा." एकजण हसून म्हणाला, "तुम्ही गेलात ना?" मी खरे ते सांगितले, "नाही, आम्ही परत आलो." ते ऐकल्यावर ते माझ्याकडे जरा दयेने पाहू लागले. मग आमची मुलगी, जी दीड तास गप्प होती, ती त्यांच्यातल्या मुलींना म्हणाली, "वर पाणी नाहीये. खरंच नाहीये." आणि तिने आपल्या पिशवीतली भरलेली एक बाटली काढून त्यांना दिली. वाटाड्याने त्यांच्यातल्या एकाला आपला फोन नंबर लिहून घ्यायला लावला. ते वर गेले, आम्ही खाली.

त्या संध्याकाळी मी गच्चीवर होतो. सूर्य गेला, डोंगर काळे झाले. चंदेरीचा जो अर्धा भाग दिसतो त्यावर मी कुठे टॉर्च हलतो का ते पाहत बसलो. साडेसातच्या सुमाराला मुलगी पण वर आली. आम्ही दोघे काही न बोलता उभे होतो. आठ वाजता वाटाड्याला फोन केला. तो म्हणाला, "आली खाली मघाशीच. खिंडीतून फिरली. पानी पाजलं, गेली स्टेशनला." मुलगी म्हणाली, "बरं झालं," आणि जिना उतरून गेली. जाता जाता म्हणाली, "पण मी जाणार आहे हां काका परत."

गेलीही. फेब्रुवारीत, एका गिर्यारोहण संस्थेबरोबर, कमरेला पट्टा, डोक्याला हेल्मेट, दोन दोर, प्रत्येक टप्प्यावर शिकवणारा माणूस. मी तिच्या आईला आधी विचारून घेतले होते आणि आईने मला विचारले होते, "तुम्ही नाही जात का बरोबर?" मी म्हटले, गुडघा दुखतो. गुडघा दुखतो हे खरे आहे.

दुपारी तिने माथ्यावरून फोटो पाठवला. महाराजांच्या पुतळ्याशेजारचा नव्हे, तो नंतर आला. आधी आला तो खालच्या मैदानाचा. रेल्वेची रेघ, पलीकडे नदीच्या कडेची झाडी, आणि अलीकडे पांढऱ्या-पिवळ्या इमारतींचा ढीग, तेच आमचे कात्रप. खाली लिहिले होते, 'काका, आपली बिल्डिंग शोधा.' मी चष्मा पुसून, फोटो मोठा करून, बराच वेळ शोधली. ती नवी वीस मजली सापडली. तिच्या मागे आमची असणार.